त्रिभाषा सूत्राचा हिशेब

मुख्यमंत्र्यांच्या परिषदेने १९६१ मध्ये मान्य केलेले त्रिभाषा सूत्र १९६८ च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणात आले. त्यातील न्याय उघड होता. अहिंदी राज्यांनी हिंदी शिकावी. हिंदी राज्यांनीही एखादी आधुनिक भारतीय भाषा, शक्यतो दक्षिणेकडील, शिकावी. ओझे दोघांनी वाहावयाचे!

परंतु घडले काय? मद्रास विधानसभेने त्याच वर्षी द्विभाषेचा ठराव केला. उत्तरेत तमिळ-कानडीच्या जागी बहुधा संस्कृत येऊन बसली. आपण महाराष्ट्रीयांनी मात्र पाचवीपासून हिंदी शिकविली. पुढे २०२५ मध्ये ती पहिलीपासून आणणारे आदेश निघाले, तेव्हा येथेही विरोध पेटला आणि २९ जूनला ते मागे घ्यावे लागले.

शेजाऱ्याची भाषा शिकण्यास आमची ना नाही. पण आम्हांस वाटते, भाषा ही देवघेव आहे. एकानेच देत राहावे, तर तिचे नाव सक्ती.