मुलकोवालची कुपी आणि परळची प्रयोगशाळा

विद्यापीठांतील वैद्यकीय संशोधन उद्योगधंद्याशीं जोडलें जावें, अशी चर्चा अलीकडे पुष्कळ चालते. ती ऐकतांना ही कल्पना कालपरवांच परदेशांतून आली असा ग्रह होतो. वस्तुतः ही जोडणी मुंबईंत १८९६ सालापासून घडत आली आहे, आणि तींतील सर्वांत बिकट प्रश्न १९०२ सालींच पुढें येऊन गेला आहे. विद्वानाच्या हातची वस्तु शेंकडों हातांतून जाऊं लागली, म्हणजे तिच्या दोषाचा धनी कोण, हा तो प्रश्न होय. कागदांच्या आधारें निर्णय करणें हेंच ज्यांचें व्रत, अशा या त्रैमासिकाच्या वाचकांस यांतील पुराव्याचा भाग विचारार्ह वाटेल.

गांठीच्या तापाची सांथ मुंबईंत १८९६ च्या सप्टेंबरांत उघडकीस आली. ऑक्टोबरांत वाल्देमार हाफकिन तेथें पोंचले. ते मूळचे ओडेसाचे यहुदी; पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत शिकून १८९३ पासून हिंदुस्थानांत पटकीची लस टोंचीत होते. मुंबई विद्यापीठाशीं संलग्न असलेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्यांस एक खोली व लगतची पडवी मिळाली. माणसें म्हणाल तर एक कारकून व तीन शिपाई. लसीसाठीं गोमांसाचा रस वापरावा तर हिंदूंस वर्ज्य, डुकराचा वापरावा तर मुसलमानांस. म्हणून त्यांनीं बोकडाच्या मांसाचा रस घेतला. त्यावर ते तुपाचे थेंब तरंगत ठेवीत. त्या थेंबांस धरून जंतूंचे धागे खालीं लोंबत. भांडें हलविलें कीं ते तळाशीं बसत आणि वर पुन्हा नवे धरत. (घृताचे गुण सांगतांना आमच्या निघंटुकारांनीं कांहीं बाकी ठेविलें नाहीं, पण हा उपयोग त्यांस सुचला नव्हता!) पुढें तो रस पासष्ट अंशांवर तासभर तापवून जंतु मारावयाचे व थोडें कार्बोलिक आम्ल घालावयाचें, अशी कृति होती. १० जानेवारी १८९७ रोजीं त्यांनीं ही लस प्रथम स्वतःसच टोंचून घेतली.

मागणी वाढली तशी जागा अपुरी पडूं लागली. आगाखान यांनीं माझगांवची आपली ‘खुश्रू लॉज’ ही इमारत दिली; तीही पुरेना, तेव्हां १० ऑगस्ट १८९९ रोजीं प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत गेली. ज्या वाड्यांत गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी पटकीनें वारल्या, त्याच वाड्यांत रोगनिवारणाची लस तयार व्हावी, हा योग लक्षांत ठेवण्याजोगा आहे. पडवींतलें शास्त्र येथें खरोखर कारखान्याच्या रूपास आलें.

१९०२ सालीं पंजाब सरकारनें फार मोठ्या प्रमाणावर लस मागितली. काम लवकर उरकावें म्हणून हाफकिननीं कृतींत फरक केला : कार्बोलिक आम्ल वगळलें व केवळ उष्णतेवर भिस्त ठेविली. ही रीत पाश्चर संस्थेंत रूढ होती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुलकोवाल (आतां पाकिस्तानांत) या गांवीं पांच कुप्यांतून १०७ जणांस लस टोंचली गेली. पैकीं ‘५३ एन’ या कुपींतून ज्या १९ जणांस टोंचलें, ते सर्वच्या सर्व धनुर्वातानें मेले. उरलेल्या चार कुप्यांतील लस घेतलेल्यांस कांहींही झालें नाहीं.

चौकशीमंडळाचा निष्कर्ष असा कीं, कुपी उघडण्यापूर्वींच, म्हणजे परळासच, दूषित झाली होती. आणि आम्ल वगळणें हाफकिन यांस भोंवलें. त्यांस कामावरून दूर व्हावें लागलें. आतां पुरावा पाहूं. अन्वयव्यतिरेकानें दोष त्या एका कुपीचा, सगळ्या लसीचा नव्हे, एवढें सिद्धच आहे. तो कोठें शिरला, एवढाच वाद उरतो. ती कुपी १९ सप्टेंबर रोजीं भरली होती, अशी परळची नोंद होती. म्हणजे भरणें व उघडणें यांत ४१ दिवस गेले. इतके दिवस धनुर्वाताचे जंतु आंत वाढते, तर उघडतांच दुर्गंध सुटता. तो उघडणारास आला नाहीं. उलट, कुपी उघडण्याच्या वेळीं सहायकाच्या हातून चिमटा मातींत पडला होता आणि तो कार्बोलिकच्या पाण्यांत नुसता खळबळून तसाच वापरण्यांत आला. मातींत धनुर्वाताचे जंतु असतात हें तेव्हांही सर्वश्रुत होतें. आमच्या मतें येवढ्यानें पक्ष निश्चित होतो. मंडळानें या गोष्टीस द्यावें तितकें महत्त्व दिलें नाहीं. रोनाल्ड रॉस व इतर शास्त्रज्ञ यांचें पत्र १९०७ च्या जुलैंत लंडनच्या ‘टाइम्स’मध्यें आलें, तेव्हां कोठें हाफकिन निर्दोष ठरले, तरी परळचें संचालकत्व त्यांस पुन्हा लाभलें नाहीं. कलकत्त्यास ठेवून त्यांची बोळवण झाली! १९२५ सालीं मात्र त्याच संस्थेस त्यांचें नांव दिलें गेलें.

ज्या एका नोंदीवर हा निवाडा फिरला, ती कारखान्याची रोजची नोंद होती. शोध कितीही मोठा असो, कोणती कुपी कोणत्या दिवशीं भरली हें लिहून ठेवणारा कारकून नसता तर हाफकिन यांच्या बाजूनें बोलावयास कांहीं उरलें नसतें. १९३२ सालीं संचालक झालेले साहिबसिंग सोखी हे तेथील पहिले हिंदी संचालक. त्यांच्या कारकीर्दींत संशोधन व उत्पादन एकाच छपराखालीं नांदलें. पुढें १९७५ च्या सुमारास दोहोंची फारकत होऊन उत्पादनाकरितां वेगळें महामंडळ निघालें. पुण्याच्या ज्या पूनावाला घराण्याचे घोडे हाफकिन संस्थेस रक्तद्रवाकरितां जात, त्यांनीं १९६६ सालीं स्वतःचाच कारखाना काढला. २०२१ सालीं ऑक्सफर्ड विद्यापीठांत सिद्ध झालेली कोविडची लस तेथें तयार होऊन गांवोगांव गेली, आमच्या परभणी जिल्ह्यांतही. तिच्याही प्रत्येक कुपीवर खूणक्रमांक व तारीख होती.

संग्राहकांस एक विनंती. त्या काळीं लस टोंचून घेतलेल्यांस छापील दाखले मिळत. असे दाखले, प्लेगच्या छावण्यांचे हुकूम अगर जुन्या पंचांगांच्या समासांतील सांथीच्या टिपा पोथ्यांच्या रुमालांत सांपडल्यास रद्दींत घालूं नयेत. कागदावरील क्रमांक, तारीख व ठिकाण जसेंच्या तसें उतरून घ्यावें. अक्षर न लागल्यास तर्कानें भरूं नये.

— झरी, जि. परभणी