कोरियातल्या बायकांचा दारूचा रांजण

आजचा विषय बैठकीत काढला तेव्हा एका काकूंनी आम्हाला चांगलंच फटकारलं. "बाटली आडवी करायला आपण भर उन्हात रांगेत उभ्या राहिलो, आणि आता रेडिओवर दारूची गोष्ट सांगता?" काकूंचा राग खरा आहे. दारूपायी घरं कशी बसतात ते आम्हीही पाहिलंय. तरी ही गोष्ट सांगतोच, कारण ती घरच्या बाईच्या हातातल्या एका कामाची आहे. कायद्यानं ते काम तिच्याकडून काढून घेतलं, आणि परत मिळायला साठ वर्षं लागली.

कोरिया हा आपल्या कोकणासारखाच भातखाऊ देश. तिथं पूर्वी घराघरांत तांदळाची दारू व्हायची. आधी नुरुक करायचं. नुरुक म्हणजे विरजण समजा. गहू जाडसर भरडायचे, पाणी शिंपडून ओलसर करायचे, फडक्यात गुंडाळून साच्यात घालायचे आणि टाचेनं तुडवून घट्ट वडी करायची. ती उबेला ठेवली की तिच्यावर बुरशी धरते. ही बुरशी तांदळातल्या पिठुळपणाची साखर करते, आणि साखर झाली की हवेतून आलेलं खमीर तिची दारू करतं. मग तांदूळ वाफवून गार करायचा, नुरुक आणि पाणी मिसळून मातीच्या रांजणात भरायचा. थंडी असेल तर रांजणाला पांघरूण घालायचं. दोन-तीन दिवसांत आतून बुडबुड्यांचा आवाज येतो. काही प्रकारांत चार-सहा दिवसांनी रांजणाला आणखी भात 'खाऊ घालतात'. आपलं इडलीचं पीठ पावसाळ्यात कसं रुसतं ते ठाऊक असलेल्या बाईला यातली मेख लगेच कळेल. हवा, पाणी, हात, सगळं जुळावं लागतं. प्रत्येक घराची चव वेगळी, आणि ती सासूकडून सुनेकडे जायची.

आंबलेल्या रांजणात बांबूची उभी, निमुळती टोपली खुपसली की तिच्यात वरचं नितळ पाणी साठतं. ती चंगजू. ती पितरांच्या पूजेला आणि पाहुण्यांना. उरलेला साका पाणी घालून गाळला की ताकासारखी पांढरी, आंबट-गोड माकगॉल्ली मिळते. नावाचा अर्थच 'कशीबशी गाळलेली', किंवा 'नुकतीच गाळलेली'. ती शेतावरच्या माणसांसाठी. मोठ्या घरच्या कर्त्या बाईची दोन कामं मोठी मानलेली होती, पितरांची पूजा सांभाळणं आणि आल्या-गेल्याचं करणं. दोन्हींना दारू लागायची. रांजण बिघडला तर बोल तिलाच. (हे मात्र कुठल्याही देशात सारखंच, नाही का?)

अशाच एका बाईनं हे सगळं लिहून ठेवलं. तिचं नाव जांग ग्ये-ह्यांग. जन्म १५९८ चा. सत्तरी ओलांडल्यावर, १६७० च्या सुमारास तिनं 'उमशिक दिमिबांग' नावाचं पाककृतींचं पुस्तक हातानं लिहिलं. लिहिलं तेही कोरियन लिपीत. शिकलेले पुरुष तेव्हा चिनी अक्षरांत लिहीत, आणि साध्या कोरियन लिपीला बायकांची लिपी म्हणून हिणवत. पुस्तकात दीडशेच्या आसपास कृती आहेत, त्यांतल्या सुमारे पन्नास दारूच्या. शेवटी तिनं मुलींसाठी निरोप लिहिलाय : डोळ्यांना दिसत नसताना मोठ्या कष्टानं लिहिलंय, तुम्ही हवं तर उतरवून घ्या, पण पुस्तक घेऊन जायचा विचारसुद्धा करू नका. आम्हाला हा निरोप फार आवडला. आपल्या गटाच्या वहीवर लिहावा असा आहे.

पुढे जपानचा अंमल आला. १९०९ मध्ये दारूवर कराचा कायदा झाला, १९१६ मध्ये तो आणखी कडक झाला. घरी करायची तरी परवाना हवा, त्यावर कर. १९३४ मध्ये घरगुती परवानेच बंद झाले. सरकारला दारूच्या करातून मोठा पैसा हवा होता, आणि घरच्या रांजणातून तो नीट मिळत नव्हता. इंग्रजांनी मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आणला, त्यामागचं गणितही असंच होतं.

पण पितर थोडेच थांबणार? बायकांनी दारू करणं सोडलं नाही, लपूनछपून केली. तपासनीस गावात आले की रांजण सरपणाच्या ढिगात, उकिरड्यात, जमिनीत जायचा. सापडला तर दंड. आजीनं आईला मानानं शिकवलेलं काम आता गुन्हा झालं होतं.

१९४५ मध्ये जपानी गेले, बंदी राहिली. दक्षिण कोरियात तांदळाची टंचाई होती, म्हणून १९६५ पासून माकगॉल्लीसाठी तांदूळ वापरायलाच मनाई झाली. मग कारखान्यांत ती गव्हाच्या पिठाची होऊ लागली. यात आम्ही सरकारला फार दोष देणार नाही. खायलाच तांदूळ नाही तर रांजणात कुठून घालणार? पीक वाढलं तशी १९७७ मध्ये ही मनाई उठली, आणि १९९५ मध्ये घरच्यापुरती दारू करायला परवानगी मिळाली. तोवर कित्येक घरांच्या कृती त्या त्या आज्यांबरोबर गेल्या होत्या. ज्या लिहिलेल्या होत्या त्या राहिल्या. जांगबाईंच्या पुस्तकावरून लोक आज पुन्हा रांजण लावतात. नावाचा घोळ मात्र अजून सुटलेला नाही. नेहमीच्या प्रमाणात नुरुक घातलेल्या नितळ दारूला तिथल्या कर-कायद्यात आजही 'चंगजू' म्हणता येत नाही, ते नाव जपानी पद्धतीच्या दारूला गेलंय.

जून २०२१ मध्ये माकगॉल्ली करण्याच्या कलेला दक्षिण कोरियानं राष्ट्रीय वारशाचा दर्जा दिला. मागणी सामान्य नागरिकांकडून आली होती. एरवी असा मान देताना एखादा जाणकार किंवा संस्था निवडून तिचं नाव लावतात. इथं कुणाचंच नाव लावलेलं नाही. इतक्या घरांत, इतक्या हातांनी होत आलेल्या कामाला एक नाव निवडणार कसं!