कोणाचो रे तू?

मसुऱ्याच्या वाटेवर एखादा उतारवयाचा माणूस भेटला, तर तो तुमचं नाव विचारत नाही. पहिला प्रश्न येतो, "खयचो रे तू?" त्याचं उत्तर पुरतं तोंडातून बाहेर पडायच्या आत दुसरा येतो, "कोणाचो?" मग तुम्ही आजोबांचं नाव सांगायचं, घर वरचं की खालचं ते सांगायचं, आजी कुठल्या गावची तेही सांगायचं. म्हाताऱ्याच्या कपाळावरची आठी सैल झाली की तुमची ओळख पटली असं समजायचं. तुमचं स्वतःचं नाव, आईबापांनी बारशाच्या दिवशी एवढ्या हौसेनं ठेवलेलं, या सगळ्यात कुठेच लागत नाही. फार तर निघताना विचारतील, "आणि नाव काय म्हणालंस?"

गड नदीच्या काठी, भरतगडाच्या पायथ्याशी पसरलेलं हे मालवण तालुक्यातलं गाव. देऊळवाडा, मर्डे, आंगणेवाडी अशा वाड्यांनी ते इतकं ऐसपैस झालंय की एका टोकाच्या माणसाला दुसऱ्या टोकाचं लग्न कधीकधी नंतर कळतं. 'मसुरे' म्हटलं की पाहुण्याला डाळ आठवते. इथलं खरं कडधान्य मात्र कुळीथ, आणि गावात जेवायला बसलात तर पानात कुळथाची पिठी येईल, मसुराची आमटी नव्हे.

माणसांची आडनावं कुठून आली असं विचारलं की मराठी माणूस ताबडतोब 'कर' लावून दाखवतो. मालवणचा मालवणकर, वेंगुर्ल्याचा वेंगुर्लेकर, मसुऱ्याचा मसुरकर. बरोबरच आहे ते. पण जरा थांबून बघा. मसुऱ्यातच राहणाऱ्याला मसुरकर म्हणण्यात अर्थ काय? तिथे सगळेच मसुऱ्याचे. हाक मारली तर अर्धी वाडी वळून बघेल. हे नाव उपयोगी पडतं ते गावाची शीव ओलांडल्यावर, आणि ते पहिल्यांदा देणारेही परकेच असणार. दुसऱ्या गावात जाऊन राहिलेल्या घराला तिथल्यांनी 'ते मसुरकर' म्हणायचं. गाव सुटलं म्हणून गावाचं नाव चिकटलं. कोकणातली 'कर' आडनावं मला म्हणूनच स्थलांतराच्या नोंदवहीसारखी वाटतात. प्रत्येक आडनावामागे कुणीतरी एकदा बोचकं बांधून निघालेलं आहे.

क्रिकेटमधली जोडीच घ्या. शिवाजी पार्कवर ज्यांनी मुंबईची पोरं घडवली ते रमाकांत आचरेकर. त्यांच्या आडनावातलं आचरे मसुऱ्याच्या शेजारचं. त्यांचा सर्वांत गाजलेला शिष्य तेंडुलकर, आणि ते आडनाव बोट दाखवतं तेंडोलीकडे, म्हणजे पुन्हा याच जिल्ह्यात. नेटमध्ये एक आचरेकर एका तेंडुलकराला बॅटची पकड शिकवत होता तेव्हा दादरच्या त्या मैदानात सिंधुदुर्गातली दोन गावं समोरासमोर उभी होती, हे कुणाच्या ध्यानात आलं असेल असं वाटत नाही. मंगेशकर हे आडनाव तर समजून-उमजून घेतलेलं. दीनानाथांच्या वडिलांकडे मंगेशीच्या देवळातली पूजाअर्चा होती. मुलानं गाव सोडलं, नाटकात नाव काढलं आणि आडनाव म्हणून गावालाच सोबत घेतलं.

मसुरकरांच्या बाबतीत एक घोटाळा मात्र सांगायलाच हवा. सातारा जिल्ह्यात कराडजवळ मसूर नावाचं गाव आहे. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक तिथला. तिथूनही मसूरकर होतात. गोव्यात 1928 साली ज्यांनी गावड्यांचं शुद्धीकरण केलं ते विनायक महाराज मसूरकर या घाटावरच्या मसूरचे. गोरेगावचा मसुराश्रम त्यांच्याच परंपरेतला. लिहिताना 'सू' दीर्घ की ऱ्हस्व एवढाच फरक, आणि आडनाव लिहिताना तेवढा कोण पाळतो? कानाला दोन्ही सारखेच. त्या शुद्धीनंतर गावड्यांचा जो गट वेगळा ओळखला जाऊ लागला त्याला 'नवहिंदू गावडे' असं नाव पडलं. धर्म जुना, ओळख नवी, आणि नावात 'नव' कायमचा. शंभर वर्षं होत आली तरी तो 'नव' काही जुना होत नाही.

आता याच मसुऱ्यात उलटा प्रवास बघा. भराडीदेवीच्या जत्रेमुळे आंगणेवाडीचं नाव महाराष्ट्रभर झालं. ही मसुऱ्याचीच एक वाडी, आंगण्यांची वस्ती म्हणून आंगणेवाडी. म्हणजे इथे जागेनं माणसाला नाव दिलं नाही, कुळानं जागेला दिलं. समुद्रावरचं सर्वांत दरारा असलेलं आडनाव याच्या नेमकं उलट वाटेनं आलेलं आहे. कान्होजी आंग्र्यांचं मूळ आडनाव संकपाळ. आंगरवाडीवरून घराणं आंग्रे झालं. एकीकडे आंगरवाडीचे आंग्रे, दुसरीकडे आंगण्यांची आंगणेवाडी. एकाच किनारपट्टीवर नावाची होडी दोन्ही दिशांना वल्हवलेली.

आणि देवीचं काय? भरड म्हणजे कातळाची, माळाची, भात न पिकणारी जमीन. देवी त्या भरडावर प्रकटली म्हणून ती भराडी. तिचंही नाव सातबाऱ्यावरूनच आलेलं म्हणा ना. जत्रेची तारीख पंचांगात सापडत नाही. ती देवीच्या कौलानं ठरते. जत्रेच्या दिवशी देवीचा नैवेद्य आंगणे घराण्यातल्या बायका करतात आणि तो करताना त्या बोलत नाहीत. त्या मुक्या स्वयंपाकघरातल्या कित्येकींचं जन्माचं आडनाव आंगणे नसणारच. त्या दुसऱ्या गावांतून इथे नांदायला आलेल्या. पण त्या दिवशी देवीपुढे हक्क असतो तो त्यांच्या सासरच्या नावाचा.

बायकांच्या नावांकडे आता वळायलाच हवं, कारण 'गाव सोडल्यावर गावाचं नाव लागतं' हे पहिल्यांदा त्यांनीच भोगलं. आचऱ्याची मुलगी मसुऱ्यात दिली की ती वाडीत 'आचऱ्याची' होते. माहेरी ती कुणाचीतरी बाय असते. लग्नात, ज्या घरांत तशी रीत आहे तिथे, नवरा ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नवं नाव गिरवतो. मग पोर झालं की ती 'बाबल्याची आवस'. नवऱ्याचं नाव तिनं घ्यायचं नाही. घ्यायचं तर उखाण्यात, यमकाच्या आडोशानं. म्हणजे माहेरचं एक, तांदळावरचं एक, गावावरून एक, मुलावरून एक. चार नावं झाली आणि त्यांतलं तिला स्वतःला कुठलं आवडायचं ते विचारलेलं कुणी मला तरी भेटलेलं नाही. नवराही पुढे 'बाबल्याचो बापूस' होतो, हे खरं. पण त्याचं जुनं नाव पुसलं जात नाही.

बाबल्या म्हणजे कोण, हा पुन्हा वेगळाच विषय. मालवणी मुलखात कागदावरचं नाव आणि हाकेचं नाव यांची गाठ क्वचितच पडते. गोपाळचा गोप्या, विठ्ठलचा विठू नि विठ्या, सदाशिवचा सद्या, वासुदेवचा वासू, जनार्दनचा जन्या, पांडुरंगचा पांडू. शाळेतले मास्तर याला आळशी जिभेचा दोष म्हणत. पण सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी पाणिनीनं यासाठी नियम बांधून ठेवलाय. अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात तो सांगतो की लांबलचक मनुष्यनामाला माया दाखवायची असेल तर दुसऱ्या स्वरानंतरचं सगळं गाळावं आणि प्रत्यय लावावा. देवदत्ताचा देविक होतो, देविय होतो, देविल होतो. आपल्या गोप्याला हाच नियम लावून बघा. गोपाळमधलं 'गोपा' एवढं उरलं, पुढचं गळालं, आणि शेवटी 'या' चिकटला. पाणिनीनं मायेचे आणि तुच्छतेचे प्रत्यय जवळजवळच सांगितलेत, तेही किती खरं आहे. आईनं मारलेली 'विठू' ही हाक आणि सावकारानं मारलेली 'विठ्या' ही हाक यांत एका स्वराचं अंतर असतं. आणि बालमित्र 'विठ्या' म्हणतो तेव्हा त्याच प्रत्ययात पुन्हा माया भरलेली असते.

मालवणच्या ख्रिस्ती वाड्यांतही आडनावांची तीच तऱ्हा. फर्नांडिस हे पोर्तुगीज आडनाव म्हणजे मुळात 'फर्नांदोचा'. तिथेही प्रश्न 'कोणाचो?' हाच होता, फक्त उत्तर लिस्बनच्या वळणाचं.

बारशाच्या विधीत तर नाव ठेवण्याचं केवढं शास्त्र. आश्वलायन गृह्यसूत्र सांगतं की नावाची सुरुवात घोष वर्णानं व्हावी, मध्ये य-र-ल-व पैकी काही यावं, मुलाच्या नावात अक्षरं सम आणि मुलीच्या विषम असावीत. आणि गंमत म्हणजे एक नाव असं ठेवावं की ते मुंजीपर्यंत फक्त आईबापांनाच ठाऊक असावं. नाव हाती लागलं की माणूस हाती लागतो, ही धास्ती त्यामागे असावी. सूत्रं न वाचलेल्या कोकणातल्या आयांनी त्याच धास्तीवर स्वतःचा उपाय काढला. मुलं जगत नसली की पुढच्याचं नाव भिकू, दगडू, केरू. ज्याला कुणी उचलणार नाही असं नाव, म्हणजे मृत्यूची नजरही वरून निघून जाईल. धोंडू त्याच रांगेत बसतो, पण त्याला दुसरी वाटही आहे: अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना, त्यात जन्मलेला धोंडू. त्यामुळे गावातला प्रत्येक धोंडू जिवावरच्या संकटातून वाचलेला असेलच असं नाही. एखादा नुसता पंचांगातून आलेला असतो. तरी अशी नावं आता बारशाला ऐकू येत नाहीत. दवाखाने आले, लसी आल्या, आणि भिकूची गरज संपली. ते नाव गेल्याचं मला वाईट वाटत नाही.

सरकारदरबारी माणूस लिहायची पद्धतही बदलत गेली. जुन्या मराठी कागदांत रयतेचं नाव 'अमुक बिन तमुक' असं सापडतं. अरबीतला हा 'बिन' म्हणजे 'चा मुलगा', अर्थात आपल्या मसुऱ्याच्या म्हाताऱ्याचाच प्रश्न, उत्तरासकट. पुढे इंग्रजी शाळा, कोर्ट, गिरणीचं हजेरीबुक यांना आडनावाचा रकाना भरून हवा होता. गावात ज्यांना तोवर आडनाव लागलं नव्हतं त्यांनाही ते लागलं. कुणी गाव सांगितलं, कुणी कूळ, कुणी धंदा, आणि कुणाला त्याची जातच आडनाव म्हणून लिहून मिळाली. तो रकाना सगळ्यांसाठी सारखा नव्हता. वस्त्यांनाही जातीची नावं होती. ती बदलायचा निर्णय राज्य सरकारनं घ्यायला डिसेंबर 2020 उजाडला.

मसुऱ्याच्या माणसाचा तर जिल्हाही बदलला. 1 मे 1981 ला सिंधुदुर्ग जिल्हा झाला, त्याआधी मसुरे रत्नागिरीत. मुंबईच्या चाळीत देवगडपासून बांद्यापर्यंतचा जो तो 'रत्नांग्रीचा'. एका पिढीनं जन्मदाखल्यावर एक जिल्हा आणि पेन्शनच्या कागदांवर दुसरा लिहिला, आणि दोन्ही खरे होते.

आणखी एक 1 मे अलीकडचा. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव सक्तीचं झालं: मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. 'बिन'च्या काळापासून रिकामी राहिलेली जागा एका शासन निर्णयानं भरली. 'आचऱ्याची' म्हणून आयुष्य काढलेल्या एखाद्या पणजीला हे सांगितलं तर ती काय म्हणेल याचा मी बराच विचार केला. बहुधा म्हणेल, "आणि माझा कुठला नाव लिवतलंत?"

देवळात मात्र अजून कागद चालत नाही. तिथे गाऱ्हाणं घालतात. बारा-पाचाच्या देवाला साद घातली जाते, प्रत्येक मागण्यानंतर जमलेले "होय म्हाराजा" म्हणतात, आणि ज्याच्यासाठी गाऱ्हाणं आहे त्याचं नाव कुठेतरी मध्येच येतं, बहुतेक वेळा 'ह्या लेकरू' एवढंच होऊन. देवाला आडनावाची अडचण पडत नसावी.

जत्रेच्या दिवसांत कोकण रेल्वे खास गाड्या सोडते. कणकवलीला, कुडाळला माणसं उतरतात, एसटीत, रिक्षांत कोंबून घेतात आणि आंगणेवाडीच्या माळावर जाऊन पोचतात. त्या गर्दीत डोंबिवलीत किंवा विरारला वाढलेला एखादा मसुरकर हमखास असतो. मालवणी कळते पण बोलायला लाजतो असा. नारळ, पुडा घेऊन रांगेत उभा असतो. शेजारच्या ओसरीवर बसलेला म्हातारा त्याला न्याहाळतो.

"खयचो रे तू?"

"मसुरकर. इकडचाच, मसुऱ्याचा."

"तां आडनावातच कळलां," म्हातारा म्हणतो. "कोणाचो?"