सांताक्रूझचा गोळीबार, मोक्का आणि चकमकींचा हिशेब

१/ २१ जानेवारी २०००. सांताक्रूझ पश्चिमेला टिळक रोडवर, स्वतःच्या कार्यालयाजवळ, दिग्दर्शक राकेश रोशन यांच्यावर दोघांनी गोळ्या झाडल्या. एक डाव्या हाताला लागली, दुसरी छातीला चाटून गेली. ‘कहो ना... प्यार है’ प्रदर्शित होऊन जेमतेम आठवडा झाला होता. रोशन बचावले. #धागा

२/ चित्रपट चालला की खंडणीचा फोन येणार, हे त्या काळी गृहीत धरले जाई. जानेवारी १९९७ मध्ये पवईत कामगार नेते डॉ. दत्ता सामंत, तर ऑगस्टमध्ये अंधेरीत गुलशन कुमार यांची हत्या झाली होती. टोळ्यांचे म्होरके परदेशी बसलेले; इथे हाती लागत ती सुपारी घेणारी पोरे.

३/ मुंबई गुन्हे शाखेची खरी अडचण हीच होती. प्रचलित कायदा प्रत्येक गुन्हा सुटा पाहत असे. गोळी झाडणारा पकडला, तरी फोनवरून हुकूम देणारा मोकळा राही. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा ठरत नसे, साक्षीदार धास्तावलेले असत. ‘टाडा’ची मुदत मे १९९५ मध्येच संपली होती.

४/ फेब्रुवारी १९९९ मध्ये राज्याने वटहुकूम काढला. पुढे त्याचाच महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियम, अर्थात ‘मोक्का’ झाला. आता एकट्या गुन्ह्याऐवजी टोळी कायद्याच्या कक्षेत आली. त्यासाठी मागील दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रे दाखल असणे ही प्रमुख अट ठरली.

५/ अधिकार कठोर होते : फोनवरील संभाषण पुरावा म्हणून ग्राह्य, पोलीस उपायुक्तांपुढील कबुलीजबाब ग्राह्य, जामीन दुर्मीळ. म्हणूनच अंकुशही घातले गेले. कलम लावण्यापूर्वी उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची मान्यता हवी, खटल्यापूर्वी अपर पोलीस महासंचालक दर्जाच्या अधिकाऱ्याची मंजुरी हवी.

६/ सहपोलीस आयुक्त डी. शिवानंदन यांच्या काळात गुन्हे शाखेने हे हत्यार चित्रपटसृष्टीतील पैशाकडे वळवले. जानेवारी २००१ मध्ये हिरेव्यापारी व वित्तपुरवठादार भरत शहा यांना अटक झाली. अनेक साक्षीदार उलटले. प्रीती झिंटा धमकीच्या फोनविषयी न्यायालयात ठामपणे बोलल्या. २००३ मध्ये शहा मोक्कातून सुटले, पण माहिती दडवल्याबद्दल दोषी ठरले.

७/ त्याच दलाचा दुसरा मार्ग होता चकमकीचा. १९९५ ते १९९७ या काळातील ९९ चकमकी आणि त्यांतील सुमारे १३५ मृत्यू न्यायालयीन आव्हानाचा विषय झाले. खटले रेंगाळत, साक्षी फिरत. त्यामुळे खंडणीने गांजलेल्या अनेकांना हा न्याय झटपट वाटला. वृत्तपत्रांत ‘चकमकफेम’ अधिकाऱ्यांच्या नावापुढे मृतांचे आकडे छापून येऊ लागले.

८/ परंतु चकमकीत वरिष्ठांची पूर्वमंजुरी नव्हती, आरोपपत्र नव्हते, न्यायाधीश नव्हता. ‘आधी त्याने गोळी झाडली, आम्ही स्वसंरक्षणार्थ’ हे पोलिसांचे निवेदन. आणि ते खोडून काढू शकणारा बहुधा मेलेला.

९/ ११ नोव्हेंबर २००६. रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया वर्सोव्यात नाना-नानी पार्कजवळ चकमकीत ठार झाल्याचे पोलिसांनी जाहीर केले. त्याला त्याच दिवशी वाशीतून मित्रासह उचलले होते, असे सांगत त्याचा वकील भाऊ उच्च न्यायालयात गेला. २००९ मध्ये विशेष तपास पथक नेमले गेले. तो मित्र मार्च २०११ मध्ये, साक्षीच्या काही दिवस आधी, बेपत्ता झाला. पुढे त्याचा मृतदेहच सापडला.

१०/ २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने १३ पोलिसांसह २१ जणांना दोषी ठरवले. चकमकफेम प्रदीप शर्मा मात्र सुटले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दंडक घातले : चकमकीतील मृत्यूचा तपास सीआयडी किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडे, दंडाधिकारी चौकशी अनिवार्य, आणि घटनेनंतर लगेच बढती वा शौर्यपदक नाही.

११/ १९ मार्च २०२४ रोजी उच्च न्यायालयाने शर्मा यांची सुटका रद्द करून त्यांना जन्मठेप सुनावली. त्याविरुद्ध ते सर्वोच्च न्यायालयात गेले. मोक्काचा संथ, कागदी मार्ग न्यायालयात तपासला गेला आणि आजही टिकून आहे. चकमकीचा मार्ग झटपट म्हणून वाखाणला गेला. त्यातल्या एका संध्याकाळचा हिशेब उच्च न्यायालयापर्यंत लागायलाच सतरा वर्षांहून अधिक काळ गेला. (समाप्त)