मनोऱ्याच्या पायथ्याशी: बिनतारी तंत्रज्ञाच्या संगणकाचा इतिहास

#थ्रेड #तंत्रज्ञानाचा_इतिहास

१/ बिनतारी जाळे उभारणाऱ्या तंत्रज्ञाने कामावर जाताना कोणता संगणक सोबत न्यावा? हा प्रश्न दुकानातला वाटतो, पण त्याचे उत्तर चार दशकांच्या इतिहासात दडलेले आहे. हे उत्तर वारंवार बदलत गेले. प्रोसेसरच्या वेगाचा त्या बदलांशी फारसा संबंध नव्हता.

२/ सुरुवात १९८१ पासून करावी लागते. त्या वर्षी 'ऑस्बोर्न १' हा वाहून नेता येण्याजोगा संगणक बाजारात आला. किंमत १,७९५ डॉलर, पडदा ५ इंची आणि वजन सुमारे ११ किलो. त्याच्या आत बॅटरी नव्हती. वाहून नेण्याचा अर्थ एवढाच, की एका भिंतीजवळच्या प्लगपासून उचलून तो दुसऱ्या भिंतीजवळच्या प्लगला जोडावा.

३/ १९८२ मध्ये 'ग्रिड कंपास' आला. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे कवच, मिटून ठेवता येणारा पडदा आणि फिरते भाग नसलेली 'बबल मेमरी' ही त्याची वैशिष्ट्ये. किंमत ८,१५० डॉलर. नासाने तो अंतराळयानात नेला. बॅटरी त्यातही नव्हती. परंतु धातूचे कवच आणि न फिरणारी साठवण या दोन कल्पना पुढे तंत्रज्ञाच्या पिशवीत कायमच्या वस्तीला आल्या.

४/ मैदानावरचे पहिले खरे उत्तर १९८३ चे: टीआरएस-८० 'मॉडेल १००'. जपानच्या क्योसेराने तो बनवला, अमेरिकेत टँडी कंपनीने 'रेडिओ शॅक' दुकानांतून विकला. पडद्यावर ४० अक्षरांच्या जेमतेम ८ ओळी मावत. मात्र तो साध्या चार पेन्सिल सेलवर सुमारे २० तास चाले, आणि ते सेल कोणत्याही गावातल्या दुकानात मिळत. आत मोडेम होता, मागे सिरीयल पोर्ट होता. कागदावर दुबळा असलेला हा संगणक बाहेरगावी हिंडणाऱ्या पत्रकारांचा लाडका ठरला, तो याच कारणांमुळे.

५/ त्याच सुमारास आयबीएमने आपल्या दुरुस्ती अभियंत्यांसाठी मोटोरोलाकडून एक रेडिओ जाळे उभारून घेतले. अभियंत्याच्या हाती रेडिओ बसवलेले छोटे टर्मिनल आले. कामाचा निरोप घेणे, सुट्या भागांची मागणी नोंदवणे ही कामे जागेवरूनच होऊ लागली. १९९० मध्ये यातूनच 'आर्डिस' हे सार्वजनिक सेवा देणारे जाळे जन्मले. अमेरिकेतील एक मोठे बिनतारी डेटा जाळे मुळात फिरत्या तंत्रज्ञांच्या गरजेतून उभे राहिले, ही बाब फारशी सांगितली जात नाही.

६/ पुढचे वळण कायद्याचे. १९८५ मध्ये अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने (एफसीसी) काही रेडिओ पट्टे विनापरवाना वापरासाठी खुले केले. त्यातला २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा मायक्रोवेव्ह ओव्हनमुळे गोंगाटाचा मानला जाई. या 'टाकाऊ' पट्ट्यावरच १९९७ चे ८०२.११ हे मानक आणि १९९९ चे सेकंदाला ११ मेगाबिटचे ८०२.११बी उभे राहिले. आज आपण त्याला वाय-फाय म्हणतो.

७/ येथे तंत्रज्ञाचे काम मुळापासून बदलले. तार तुटली तर ती डोळ्यांना दिसते. लहरी दिसत नाहीत. आता संगणक केवळ नोंदवही राहिला नाही, तो तंत्रज्ञाचा डोळा झाला. साहजिकच निवडीचा निकषही बदलला: यंत्र किती वेगवान आहे यापेक्षा ते काय पाहू शकते, हे महत्त्वाचे ठरले.

८/ २००१ मध्ये दोन मोफत साधने आली. 'नेटस्टंबलर' विंडोजवर चाले. ते साद घालून उत्तर देणाऱ्या केंद्रांची यादी करी आणि 'ओरिनोको' कार्डांवर उत्तम चाले. 'किस्मेट' लिनक्सवर चाले; ते स्वतः काहीही न बोलता भोवतालची सारी वाहतूक ऐके. त्यासाठी कार्डाला 'मॉनिटर मोड' यावा लागे, आणि 'प्रिझम २' चिपच्या कार्डांना तो येई. महागडा लॅपटॉप घेतला, पण त्यातल्या चिपचा ड्रायव्हर बंदिस्त निघाला, तर तंत्रज्ञ आंधळाच राहिला.

९/ कार्डालाही एक मर्यादा होती. वाय-फाय कार्डाला वाय-फायचीच भाषा कळते. शेजारच्या ओव्हनचा गोंगाट त्याला ओळखता येत नाही. त्यासाठी लहरींचा पट्टा मोजणारे स्पेक्ट्रम विश्लेषक यंत्र लागे, आणि ते लॅपटॉपहून कितीतरी महाग असे. २००५ मध्ये 'वाय-स्पाय' हे यूएसबीला जोडायचे स्वस्त विश्लेषक आले आणि सामान्य तंत्रज्ञालाही हा गोंगाट पाहता येऊ लागला.

१०/ दुसरा शत्रू सूर्य. मागून प्रकाश देणारा नेहमीचा पडदा भर उन्हात काळाठिक्कर दिसतो. कॉम्पॅकचा २००० चा 'आयपॅक' या हातसंगणकाचा पडदा बाहेरचाच प्रकाश परतवून दाखवी. त्याला जोडायच्या 'जॅकेट'मध्ये वायरलेस कार्ड बसे. एका हाताने शिडी धरून दुसऱ्या हातातल्या यंत्रावर संकेत वाचणे त्यामुळे जमू लागले. मोबदल्यात कार्ड बॅटरीचा चट्टामट्टा करी.

११/ तिसरा शत्रू पडझड. पॅनासॉनिकने १९९६ मध्ये 'टफबुक' आणले आणि दणकट लॅपटॉप हा वेगळा वर्गच तयार झाला. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. 'मिल-एसटीडी-८१०' हे १९६२ पासूनचे अमेरिकी लष्करी मानक म्हणजे चाचण्यांच्या पद्धतींचा संग्रह आहे. उंचीवरून पाडणे, कंपन, उष्णता, धूळ, दमटपणा यांपैकी कोणत्या चाचण्या केल्या हे सांगितल्याशिवाय 'लष्करी दर्जा' या शब्दांना अर्थ नाही. 'आयपी ६५' त्या मानाने नेमके बोलते: ६ म्हणजे धुळीला पूर्ण अटकाव, ५ म्हणजे पाण्याच्या फवाऱ्यापासून संरक्षण.

१२/ भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. आयआयटी कानपूरच्या 'डिजिटल गँजेटिक प्लेन्स' प्रकल्पाने साध्या वाय-फाय साधनांनी गावे जोडून दाखवली. तमिळनाडूत थेनीच्या परिसरात अरविंद नेत्र रुग्णालयाची ग्रामीण केंद्रे लांब पल्ल्याच्या वाय-फायने रुग्णालयाशी जोडली गेली. केंद्रातला रुग्ण पडद्यावरून डॉक्टरांशी बोलू लागला.

१३/ या जाळ्याने शिकवलेला धडा कटू होता. रेडिओपेक्षा विजेच्या चढउतारांनी साधने अधिक निकामी होत. बिघाड लहरींत आहे, विजेत आहे की चुकीच्या जागी खोचलेल्या वायरीत, हे ओळखण्यातच वेळ जाई. तोवर रुग्ण बाकावर ताटकळत बसलेला असे. तंत्रज्ञाच्या पिशवीत लॅपटॉपशेजारी साधा मल्टिमीटर का असावा, याचे उत्तर येथे मिळते.

१४/ दरम्यान लॅपटॉप पातळ होत गेले आणि पोर्ट गळत गेले. आधी ९ पिनांचा सिरीयल पोर्ट गेला. २००८ च्या 'मॅकबुक एअर'ने इथरनेटची खाचही काढली. बिनतारी युगात तार कशाला, हा त्यामागचा विचार. परंतु बिघडलेला राऊटर बिनतारी बोलत नाही. त्याच्याशी संवाद साधायचा तो कन्सोलच्या तारेनेच. लहरींची सोय करणाऱ्या माणसाच्याच हातातून तार काढून घेतली गेली.

१५/ मग यूएसबीला जोडायची सिरीयल वायर आली, आणि तिच्यासोबत नकली चिपांचा सुळसुळाट. ऑक्टोबर २०१४ मध्ये एफटीडीआय कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोजच्या अद्ययावतीकरणातून पोहोचला आणि नकली चिपांची ओळखच पुसू लागला. काल चालणारी वायर आज मुकी झाली. आपण नकली माल घेतला आहे, हे अनेकांना तेव्हाच कळले.

१६/ २००७ च्या आसुसच्या 'ईईई पीसी'ने वेगळी वाट दाखवली होती. ७ इंची पडदा, एक किलोहून कमी वजन, फिरत्या डिस्कऐवजी ४ जीबीची फ्लॅश साठवण, शिवाय इथरनेटही शाबूत. 'ग्रिड कंपास'ची न फिरणाऱ्या साठवणीची कल्पना २५ वर्षांनी सामान्यांच्या आवाक्यात आली.

१७/ शेवटचा दाखला महाराष्ट्रातला. पालघर जिल्ह्यात खामलोलीच्या परिसरातील ७ गावांत आयआयटी मुंबईने दूरदर्शन प्रक्षेपणाच्या पट्ट्यातील रिकाम्या लहरी (४७० ते ५९० मेगाहर्ट्झ) वापरून इंटरनेट पोहोचवण्याचा प्रयोग केला. झाडीतून या लहरी चांगल्या जातात. मात्र लॅपटॉपमधले वाय-फाय कार्ड या पट्ट्याला ठार बहिरे. पट्टा बदलला की डोळाही बदलावा लागतो.

१८/ म्हणून निवड करताना प्रश्नांचा क्रम महत्त्वाचा. काय मोजायचे आहे? त्यासाठी कोणती चिप, कोणता पोर्ट लागतो? उन्हात पडदा दिसतो का? वीज नसताना किती तास निघतील? पडला तर उठेल का? वेग आणि किंमत यांचा क्रम त्यानंतर. 'मॉडेल १००'च्या चार सेलांनी १९८३ मध्येच हा क्रम सांगून ठेवला होता. तो उलटा लावला, की त्याची किंमत मनोऱ्यावर दुसऱ्यांदा चढणारा तंत्रज्ञ मोजतो, आणि खाली वाट पाहणारे गावही.