न गंजणारी नळी आणि तिला कापणारी करवत

घरातल्या ताटवाट्यांना आपण नुसते 'स्टील' म्हणतो. कारखान्यात त्याच धातूला 'एसएस' म्हणतात आणि साध्या पोलादाला 'एमएस'. एमएसची नळी सरसर कापणारी हॅकसॉ एसएसच्या नळीवर त्याच वेगाने चालवली, तर थोड्याच वेळात ती कापायची थांबते आणि नुसती घसरू लागते. पाते बघावे तर दात्यांची टोके गेलेली असतात. नवे पाते लावून त्याच खाचेत चालवावे, तर तेही बोथट होते. 'स्टील कडक असते' हे आयटीआयच्या मुलांचे उत्तर ठरलेले असते, पण ते अपुरे आहे. भट्टीत तापवून मऊ केलेले नेहमीचे स्टेनलेस स्टील साध्या पोलादाहून फार कडक नसते. ते कापता कापता कडक होते. या एका खोडीमुळे आणि पुढे वेल्डिंगच्या नव्या पद्धतीमुळे नळी कापायच्या हत्यारांची निवड कशी बदलत गेली, त्याची ही हकीकत आहे.

इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली हा धातुतज्ज्ञ बंदुकांच्या नळ्या आतून लवकर का झिजतात याचा शोध घेत होता. ऑगस्ट १९१३ मध्ये त्याने सुमारे १२.८ टक्के क्रोमियम असलेले पोलाद ओतून घेतले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी पोलादाचा तुकडा आम्लाने खरवडावा लागतो. या पोलादावर नेहमीच्या आम्लाचा परिणाम होईना. व्हिनेगर आणि लिंबाचा रसही त्याचे काही बिघडवू शकले नाहीत. ब्रिअर्लीला सुऱ्यांची कल्पना सुचली, पण शेफील्डच्या सुऱ्या बनवणाऱ्या कारागिरांना हे पोलाद जुन्या सवयीने घडवता येईना. न कापणाऱ्या सुऱ्या शोधून काढणारा माणूस, अशी त्याची थट्टा झाली. पुढे योग्य तापमानाला पाणी देण्याची रीत सापडली आणि थट्टा थांबली.

आपल्या नळ्या मात्र या जातीच्या नव्हेत. जर्मनीतील एसेन येथे क्रुप कंपनीचे बेन्नो श्ट्राउस आणि एदुआर्द माउरर यांनी १९१२ मध्ये क्रोमियमबरोबर निकेलही घातलेल्या पोलादाचे पेटंट घेतले होते. शेफील्डच्या प्रयोगशाळेत ब्रिअर्लीच्या जागी आलेल्या हॅटफील्डने १९२४ मध्ये १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल हे प्रमाण रूढ केले. हेच '१८-८'. भांडी, दुधाच्या टाक्या, औषधकारखान्यांतल्या नळ्या यांत बहुतेक याचाच संसार आहे.

१८-८ मधील निकेलमुळे अणूंची एक विशिष्ट रचना थंड झाल्यावरही टिकून राहते. तिला ऑस्टेनाइट म्हणतात. ती चिवट, लवचिक आणि जवळजवळ अचुंबकीय असते. पण धातू वाकवला, ओढला किंवा बोथट दात्याने घासला, की त्या जागी अणूंचे थर सरकतात, आणि काही भागाचे मार्टेन्साइट या कडक रचनेत रूपांतर होते. वर्गात हे दाखवता येते. ज्या पेल्याच्या तळाला चुंबक चिकटत नाही असा एखादा खोल पेला घ्यावा. त्याच्या काठाशी किंवा जिथे पत्रा सर्वांत जास्त ओढला गेला आहे तिथे चुंबक किंचित खेचला जातो का ते पाहावे. (सगळीकडेच घट्ट चिकटला तर ते भांडे १८-८ चे नाही, दुसरे घ्यावे.) करवतीच्या खाचेत हेच घडते. दाता खोल न शिरता नुसता घासत गेला, तर तो पुढच्या दात्यासाठी कडक रस्ता तयार करून जातो.

दुसरी खोडी उष्णतेची. साध्या पोलादाच्या मानाने १८-८ मधून उष्णता जेमतेम तिपटीने कमी वाहते. कापताना निर्माण झालेली ऊब धातूत पसरून जात नाही, दात्याच्या टोकाशीच साठते. साध्या कार्बन पोलादाचे पाते अडीचशे अंश सेल्सिअसच्या आसपासच मऊ पडू लागते. म्हणजे एका बाजूने धातू कडक होतो आणि दुसऱ्या बाजूने पाते मऊ होते.

गंमत अशी की यावरचा उपाय रोगाच्या आधीच तयार होता. इंग्लंडमध्ये रॉबर्ट मशेट याने १८६८ मध्ये टंगस्टनयुक्त पोलादाची हत्यारे बनवली होती. अमेरिकेत बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यात फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी १८९८ नंतर असे पोलाद वितळणबिंदूच्या जवळपास तापवून पाणी देण्याचे प्रयोग केले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांची हत्यारे लेथवर चालताना प्रेक्षकांनी पाहिली. हत्याराचे टोक तापून लालसर झाले तरी ते कापतच राही, आणि धातूचे बुके निळे होऊन बाहेर पडत. हेच 'हायस्पीड स्टील', कारागिरांच्या भाषेत एचएसएस. सहाशे अंशांच्या आसपास तापूनही त्याची धार टिकते. त्याच्या नावाला मात्र फसू नये. स्टेनलेस स्टीलवर एचएसएसचे पाते हळूच चालवायचे असते, पण दाब पुरेसा ठेवून. प्रत्येक दात्याने आधीच्या दात्याने कडक केलेल्या थराच्या खाली शिरले पाहिजे. मुले नेमके उलटे करतात: दाब हलका आणि हात भरभर.

दात्यांच्या संख्येचाही हिशेब आहे. नळीच्या भिंतीत एका वेळी निदान दोन दाते हवेत, नाहीतर भिंत दोन दात्यांच्या मधल्या खाचेत अडकते आणि दाता मोडतो. भिंत १.६ मिलिमीटर जाड असेल, तर इंचाला ३२ दात्यांचे पाते लागते. १८ दात्यांच्या पात्यात दोन टोकांमधले अंतर १.४ मिलिमीटर पडते, म्हणजे भिंतीत जेमतेम एकच दाता.

जहाजांचे जाड पत्रे ऑक्सिजनच्या ज्योतीने कापता येतात, मग इथे तोच मार्ग का नाही? ती ज्योत पोलाद जाळते. तयार होणारे लोहाचे ऑक्साइड पोलादाच्या आधीच वितळते आणि वाहून जाते. स्टेनलेस स्टीलवर क्रोमियमचे ऑक्साइड तयार होते, आणि ते दोन हजार अंशांच्याही बऱ्याच वर वितळते. ज्या पापुद्र्यामुळे नळी गंजत नाही, तोच पापुद्रा ज्योतीलाही आत येऊ देत नाही.

राहिली घासून कापणारी चकती. एडवर्ड अॅचेसनने १८९१ मध्ये कार्बोरंडम बनवले, पुढे कृत्रिम राळेने बांधलेल्या पातळ चकत्या आल्या. १९५४ मध्ये जर्मनीच्या आकरमान उंड श्मिट कंपनीने हातात धरायचा अँगल ग्राइंडर बाजारात आणला, आणि फॅब्रिकेशनच्या शेडचा आवाजच बदलला. कापण्याच्या वेगात चकतीशी करवतीची बरोबरी नाही. कडक थराचीही तिला पर्वा नाही. पण काप निळा-जांभळा होतो, काठाला बर राहते आणि हाताने धरल्यामुळे काप सरळ येत नाही.

काप सरळ नसला तर काय बिघडते? बराच काळ काहीच बिघडत नव्हते, आणि या इतिहासातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा हाच आहे. पूर्वी नळ्या आटे पाडून, फ्लँज लावून किंवा सॉकेटमध्ये घालून जोडत. नळीचे टोक सॉकेटच्या पोटात लपून जाई. दुग्धशाळांत तर हे सांधे रोज सोडवून ब्रशने घासून धुवावे लागत, कारण फटीत राहिलेल्या दुधात जंतू वाढतात. १९५० च्या दशकात नळ्या न सोडवता आतून रसायने फिरवून धुण्याची पद्धत रुळू लागली. त्यासाठी सांधा आतून गुळगुळीत हवा, म्हणजे टोकाला टोक लावून वेल्डिंग केलेला हवा.

तसे वेल्डिंग त्याच सुमारास हाताशी आले होते. कॅलिफोर्नियातील नॉर्थ्रॉप विमान कंपनीत रसेल मेरेडिथ याने १९४१ च्या सुमारास मॅग्नेशियमचे भाग जोडण्यासाठी हेलियमच्या आवरणात टंगस्टनच्या कांडीने ठिणगी पेटवायची रीत बसवली. पुढे हेलियमच्या जागी बहुतेक ठिकाणी आर्गन आला, म्हणून आपल्याकडे याला सरळ 'आर्गन वेल्डिंग' म्हणतात. पातळ नळीत पुष्कळदा वेगळी तार वापरतच नाहीत, दोन्ही काठ वितळून एकमेकांत मिसळतात. आता भर घालायला काही नाही, आणि लपायला सॉकेटही नाही. फट असली तर काठ जळून भोक पडते. नळीच्या आत आर्गन भरलेला असतो, तोही फटीतून निसटतो आणि आतला सांधा जळक्या साखरेसारखा खडबडीत होतो. दूध साठायला आणि गंज सुरू व्हायला तेवढे पुरते.

किती तिरपेपणा चालेल, याचे गणित दहावीच्या त्रिकोणमितीचे आहे. ५० मिलिमीटर व्यासाची नळी फक्त एक अंश तिरपी कापली गेली, तर एका बाजूला ५० × टॅन १° म्हणजे सुमारे ०.८७ मिलिमीटर फट पडते. भिंत १.६ मिलिमीटरची असेल तर ही फट भिंतीच्या निम्म्याहून मोठी झाली. एक अंश डोळ्यांना दिसतही नाही.

मग काटकोनी रेघ नळीवर आखायची कशी? सरळ कडेची कागदाची पट्टी नळीभोवती घट्ट गुंडाळावी. पट्टीची कड स्वतःवरच तंतोतंत बसली, की त्या कडेने आखलेली रेघ नळीच्या अक्षाला काटकोनात असते. असे का होते, ते मेणबत्तीने दाखवता येईल. मेणबत्तीभोवती कागदाचे काही वेढे द्यावेत आणि धारदार सुरीने ती तिरपी कापावी. कागद उलगडला, की कडेला लाट दिसते, आणि ती सायनचा वक्र असते. काप जितका काटकोनाजवळ, तितकी लाट उथळ. अगदी काटकोनात कापले तर सरळ रेषा मिळते.

रेघ आखली तरी हाताची करवत भटकतेच. चाकाचा पाइप कटर स्वतःच्या खाचेतून फिरत असल्याने काप सरळ देतो, पण तो धातू कापण्यापेक्षा दाबतो जास्त. काठ आत वळतो, कडक होतो आणि नळीचे तोंड अरुंद करतो. तो भाग काढावाच लागतो. माझ्या मते थोड्या नळ्यांसाठी बारीक दात्यांची एचएसएस हॅकसॉ, साच्यात धरलेली नळी आणि कटिंग ऑइल हे पुरेसे आहे. रोजच्या कामाला मंद फिरणारी, तेलपाण्याने थंड ठेवलेली गोल करवत उत्तम. पट्टा-करवत कापते भराभर, पण पट्टा थोडा वाकतो, म्हणून तिच्या कापावर थेट वेल्डिंग करू नये. टोक लेथवर किंवा नळीच्या आत घट्ट बसणाऱ्या फेसिंग यंत्राने सपाट करावे. यंत्र नसेल तर कानस. गुण्या लावून तपासताना तो एकाच जागी लावून भागत नाही, नळी पाव-पाव फिरवून चार ठिकाणी लावावा लागतो.

ही कानस, पाते आणि चकती एमएसवर वापरलेली नसावी. त्यांच्यात अडकलेले लोखंडाचे कण स्टेनलेस स्टीलमध्ये रुततात, आणि काही दिवसांनी 'न गंजणाऱ्या' नळीवर तांबूस ठिपके उमटतात. हे ओळखायला शाळेच्या प्रयोगशाळेतले मोरचूद पुरते. किंचित आम्ल घातलेले त्याचे द्रावण टाकाऊ तुकड्यावर लावावे. जिथे मोकळे लोखंड असेल तिथे काही मिनिटांत तांबे बसते. अन्नाचा स्पर्श होणाऱ्या भागावर मात्र ही चाचणी करीत नाहीत.

वेल्डिंगआधीची शेवटची तपासणी अजूनही हत्यारावाचून होते. दोन्ही टोके एकमेकांना टेकवून फिटर सांधा उजेडासमोर धरतो आणि एक नळी हळूहळू फिरवून बघतो. कुठे उजेडाची रेघ दिसली, तर नळी परत फेसिंगला जाते.