ईलाय अँड द थर्टीन्थ कन्फेशन

अमेरिकन गायिका, गीतकार व संगीतकार लॉरा नीरो (१९४७–१९९७) हिचा दुसरा अल्बम. कोलंबिया कंपनीने तो मार्च १९६८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात तेरा गाणी आहेत. शब्द आणि चाली नीरोच्याच, बहुतेक गाण्यांतला पियानोही तिचा. मागे साथीला चार-पाच बायका गात आहेत असे वाटते, पण ते सगळे आवाज तिचे एकटीचेच, एकावर एक मुद्रित केलेले. तेव्हा ती वीस वर्षांची होती.

नीरो न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात वाढली. वडील पियानो सुरात लावून देण्याचे काम करत आणि जॅझ ट्रम्पेट वाजवत. शाळकरी वयात ती भुयारी रेल्वेच्या स्थानकांत मुलांच्या टोळक्यांबरोबर सुरात सूर मिळवून गायची. या अल्बममधला सोल, गॉस्पेल, ब्लूज, जॅझ आणि ब्रॉडवेचा रंग त्या शहरातूनच आला आहे. पहिल्या अल्बमचे संगीत संयोजन हर्ब बर्नस्टाइनचे होते. या वेळी फोर सीझन्स या गटाच्या गाण्यांचा अनुभव असलेला चार्ली कॅलेलो संयोजक होता आणि निर्मितीत नीरोही त्याच्या बरोबरीने होती.

या अल्बमची विविधता एका गाण्याहून दुसऱ्या गाण्यात जाताना जाणवतेच, पण तिचे खरे मोल एकाच गाण्याच्या पोटात आहे. ‘ईलाइज कमिंग’ संथपणे, जवळजवळ प्रार्थनेसारखे सुरू होते. मग लय एकदम वाढते, टाळ्यांचा ठेका येतो आणि आवाजांवर आवाज चढत जातात. ‘लोन्ली विमेन’मध्ये लय इतकी विलंबित आहे की सूर कुठे टेकणार याची वाट पाहावी लागते, त्यात झूट सिम्सचा सॅक्सोफोन आहे. ‘पॉव्हर्टी ट्रेन’ हे नशेच्या अंधारातले ब्लूज, तर ‘एमी’मध्ये एका स्त्रीला दुसऱ्या स्त्रीविषयी वाटणारी माया इतक्या मोकळेपणी आली आहे की त्या काळच्या लोकप्रिय संगीतात तिला जोड सापडणे कठीण. ‘स्टोन्ड सोल पिकनिक’साठी तर नीरोने कोशात नसलेले क्रियापदच घडवले, अर्थ विचारायची गरज पडत नाही, ते गाण्यात चपखल बसते.

गाण्यांचे शब्द छापलेला वेगळा कागद तबकडीबरोबर दिला होता. तो सुगंधी शाईने छापावा हा नीरोचाच आग्रह होता.

बिलबोर्डच्या यादीत अल्बम १८१व्या क्रमांकापलीकडे गेला नाही. तीच गाणी इतरांच्या आवाजात मात्र घरोघर पोचली: फिफ्थ डायमेन्शन या गटाचे ‘स्टोन्ड सोल पिकनिक’ १९६८ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर, तर थ्री डॉग नाइटचे ‘ईलाइज कमिंग’ १९६९ मध्ये दहाव्या क्रमांकावर पोचले. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये नीरोचा समावेश झाला तो २०१२ साली, तिच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी.